काठापासून चार हात

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ सुधार योजनेवरचा वाद आजवर दोन भाषांत चालत आला आहे. अभियंते क्युसेक, भराव, पूररेषा आणि भिंतीची उंची यांविषयी बोलतात. पर्यावरणवादी झाडे, पाणथळ जागा, पक्षी आणि काठातले जिवंत झरे यांविषयी बोलतात. धर्माची भाषा मात्र मांडवापुरती उरली आहे. भूमिपूजनाला नारळ, उद्घाटनाला आरती, निमंत्रणपत्रिकेवर ‘पवित्र नदी’ आणि ‘प्राचीन घाटपरंपरा’ एवढेच तिचे काम. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची पायाभरणी झाली. सुमारे ४४ किलोमीटरचा काठ बांधून काढायचा आणि त्यात लोकांना पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या करायच्या, असा तिचा आराखडा आहे. नाशिकमध्येही २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदेचे घाट वाढवायचे चालले आहे. दोन्हीकडे परंपरेची साक्ष काढली जाते. साक्षीदाराला बोलावलेच आहे तर त्याची उलटतपासणीही व्हायला हवी. घाट बांधण्यात धर्मदृष्ट्या पुण्य नेमके कशाचे? दगडांचे, खर्चाचे, सौंदर्याचे की आणखी कशाचे? माझे म्हणणे असे की आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे, आणि ते आजच्या नदीकाठ योजनांना अजिबात सोयीचे नाही. ते उत्तर म्हणजे मालकी सोडणे. बांधणाऱ्याने बांधलेल्यावरचा हक्क सर्वांसाठी सोडला नाही, तर पायऱ्या कितीही देखण्या असोत, धर्माच्या हिशेबात तो घाट जमा होत नाही.

वैदिक काळापासून इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्मांचे दोन वर्ग मानले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नछत्रे हे पूर्त. इष्टाचा अधिकार त्रैवर्णिकांपुरता होता. पूर्ताचे दार शूद्रांनाही मोकळे आहे असे स्मृतिकार सांगतात, म्हणजे या धर्माचा हा भाग निदान कर्त्याच्या बाबतीत तरी जास्त मोकळा होता. या पूर्तकर्माचा शेवट ज्या विधीने होतो त्याला उत्सर्ग म्हणतात. म. म. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दान आणि उत्सर्ग यांतला फरक नीट मांडला आहे. दानात देणारा आपली मालकी सोडतो आणि घेणारा एक ठरावीक माणूस ती स्वीकारतो. मग त्या वस्तूशी दात्याचा संबंध उरत नाही. उत्सर्गात मालकी सोडली जाते, पण ती उचलणारा कोणी एक माणूस नसतो. ती सर्वांसाठी सोडलेली असते. म्हणून तळे बांधणाराही त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो, पण सर्वांपैकी एक म्हणून. ‘मी बांधले’ या नात्याने त्याला थेंबभर जास्त मिळत नाही.

हा विधी कसा करायचा ते मत्स्यपुराणाच्या ५८ व्या अध्यायात सविस्तर दिले आहे, आणि तो जरा थांबून पाहण्यासारखा आहे. तळे खणून झाले, पाणी आले, की यजमानाने सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचे मासे, तांब्याचे खेकडे आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार अशा जलचरांच्या प्रतिमा करून घ्यायच्या आणि त्या पाण्यात सोडायच्या. गाय पाण्यात उतरवायची. मग ते पाणी सर्व भूतांसाठी सोडल्याचे जाहीर करायचे. यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. माणसांची गर्दी नंतर. आधी कासव, मासा, बेडूक यांचा ताबा. ज्या पाण्यात बेडूक जगणार नाही ते पाणी माणसाला अर्पण करण्याच्या लायकीचे नाही, असा निकष या सोन्याचांदीच्या चिमुकल्या प्रतिमांत दडलेला आहे. गायीचेही तसेच. गाय खरोखर पाण्यात उतरवायची तर तिच्या पायांना मानवेल असा उतार तिथे असला पाहिजे. शास्त्रकारांच्या मनात हा व्यवहारी हेतू होता असा दावा मी करत नाही. तो माझा तर्क आहे. पण विधीचा परिणाम तोच होतो. जिथे गाय उतरते तिथे म्हातारा उतरतो, पोटुशी बाई उतरते, काठी टेकत चालणाराही उतरतो. आजच्या कंत्राटात ‘काम पूर्ण झाल्याचा दाखला’ देताना असली परीक्षा घेत नाहीत.

इथे एक शंका कोणीही काढील. हे सगळे तळ्याविषयी झाले. नदी काही कोणी खणलेली नाही, मग तिचा उत्सर्ग कशाला? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही शास्त्रातच आहे. परक्याच्या जलाशयात स्नान करायचे तर आधी तळातले मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत, नद्या आणि नैसर्गिक डोह यांत मात्र खुशाल स्नान करावे, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे. यातला ‘परका’ जलाशय कोणता? कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, बाराव्या शतकाच्या आगेमागे मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याचा खुलासा केला : जो सर्व प्राण्यांसाठी सोडलेला नाही तो. दुसऱ्याच्या तळ्यात न्हाणाऱ्याला ते बांधणाऱ्याच्या पापाचा वाटा लागतो, असे मनुस्मृतीही बजावते. म्हणजे नदीचा उत्सर्ग करावा लागत नाही, कारण तिच्यावर मालकी मुळातच कोणाची नाही. माणसाने त्या पाण्याच्या वाटेत जे उभे केले, ती भिंत, तो बांध, त्या पायऱ्या, त्यांचा उत्सर्ग करावा लागतो. तो केला नाही तर बिनमालकीच्या नदीकडे जाणारी वाट मालकीची होते आणि भाविकाच्या स्नानाला बांधणाऱ्याचे पाप चिकटते. कंत्राटांच्या या काळात तो वाटा किती भरेल याचा हिशेब न केलेला बरा.

नदीकाठच्या जमिनीविषयी धर्मनिबंधांनी याहूनही नेमके बोलून ठेवले आहे. गंगेच्या संदर्भात ते सांगतात की भाद्रपदातल्या कृष्ण चतुर्दशीला पाणी जिथवर चढते तिथवर नदीचा गर्भ, आणि तिथून पुढे दीडशे हात तीर. (अमान्त-पौर्णिमान्त हिशेबाने ही तिथी आपल्या पंचांगात श्रावणात धरायची की भाद्रपदात, हा घोळ पंचांगकर्त्यांवर सोपवू, दोन्हीकडे नदी भरलेलीच असते.) हात दीड फुटाचा धरला तर गर्भापासून सव्वादोनशे फूट जमीन तीर ठरते. आणखी एक नियम आहे : प्रवाहापासून चार हातांपर्यंत स्वामी नारायण आहे, दुसरा कोणीही नाही. प्राण कंठाशी आले तरी त्या पट्ट्यात दान घेऊ नये. ज्यांचा चरितार्थच तीर्थावरच्या दानावर चालायचा त्या पुरोहितवर्गाने आपल्याच वर्गाला घातलेले हे कुंपण आहे. राजा, सावकार, पुजारी, कोणाचाही हक्क त्या सहा फुटांत चालत नाही. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो. तर मग गंगेचे माहात्म्य तिला आणि गंगेचे नियम मात्र गंगेपुरते, असे करता येणार नाही. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषांमागेही हाच विचार दिसतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रण. एकाने तिथी वापरली, दुसऱ्याने आकडेवारी. नदीची हद्द उन्हाळ्यातल्या बारीक धारेवरून ठरवू नये, तिच्या भरल्या अंगावरून ठरवावी, यावर दोघांचे एकमत आहे. भराव टाकून आणि भिंत उभारून ही रेषाच आत सरकवणे म्हणजे नारायणाच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढवणे होय.

घाट म्हटले की मराठी माणसाला अहिल्याबाई होळकर आठवतात, आणि नदीकाठ योजनांच्या भाषणांत त्यांचे नाव हटकून येते. काशीचा मणिकर्णिका घाट, महेश्वरचे नर्मदेवरचे घाट यांचा उल्लेख होतो. त्यांचा पैसा कुठून आला हे क्वचितच सांगितले जाते. बाईंनी राज्याचा पैसा आणि खासगीचा पैसा वेगळा ठेवला आणि धर्मकृत्ये खासगीतून केली. शिवाय यातले कितीतरी बांधकाम त्यांच्या राज्याबाहेरचे होते. तिथून सारा मिळायचा नव्हता, सत्ता वाढायची नव्हती. जिथे आपला अंमल चालत नाही अशा काठावर घाट बांधून देणे ही मालकी सोडण्याची सर्वांत स्वच्छ पद्धत. मात्र सोडलेली मालकी मागच्या दाराने परत येऊ शकते, हेही या वारशानेच दाखवले. या खासगीच्या मालमत्तांचा पुढे न्यास झाला, हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरच्या मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उद्भवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, असे न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. घाट बांधून सव्वादोनशे वर्षे उलटली तरी तो कोणाचा हे न्यायालयात विचारावे लागते, म्हणजे उत्सर्ग एकदा करून भागत नाही. तो राखावा लागतो.

आता सर्वांत जड आक्षेप. तो धर्माच्या अंगणातूनच येतो. सर्व भूतांसाठी पाणी सोडल्याच्या गोष्टी सांगणाऱ्या याच समाजाने शतकानुशतके माणसांना पाणवठ्यावरून हाकलले, मग या उत्सर्गाला किंमत काय? महाडचे चवदार तळे हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला पुरावा. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरवले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. मग दही, दूध, शेण आणि गोमूत्राने भरलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. मत्स्यपुराणात गाय पाण्यात उतरते ती पाणी सर्वांना खुले झाले म्हणून. महाडात गायीचेच शेणमूत ओतले गेले ते माणसांना बाहेर ठेवायला. त्यानंतर सवर्ण पुढाऱ्यांनी जो दावा लावला त्यातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. तळे आमचे, त्यावर आमचाच पूर्वापार वहिवाटीचा हक्क, असे ते म्हणत होते. म्हणजे बहिष्कार टिकवायचा तर आधी मालकी सांगावी लागली. उत्सर्ग झालेल्या पाण्यावर असा दावा करताच येत नाही, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही असा निकाल दिला. महाडच्या सत्याग्रहानंतर तीनच वर्षांनी, २ मार्च १९३० ला, नाशिकला काळाराम मंदिराचे दरवाजे बंद झाले तेव्हा सत्याग्रहींची मिरवणूक गोदेच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली, हेही लक्षात ठेवावे.

हा पुरावा उत्सर्गाच्या विरुद्ध जातो असे मला वाटत नाही. तो उत्सर्ग मोडणाऱ्यांच्या विरुद्ध जातो. पण शास्त्राला यातून पुरते सोडवूनही चालणार नाही. ज्या ग्रंथांत सर्व भूतांसाठी पाणी सोडायला सांगितले त्याच ग्रंथांत स्पर्शास्पर्शाचे नियमही आहेत, आणि ते नियम पाळणाऱ्यांना त्यांत विसंगती दिसली नाही. महाडचा न्याय शास्त्रीपंडितांनी केला नाही. कायदेमंडळाचा ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय यांनी केला. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या जोडीला स्नानघाट नाव घेऊन नमूद झाले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून त्यांच्या वापराला कोणाला मज्जाव करता येणार नाही. हे लागू कुठे, तर जे राज्याच्या पैशाने राखलेले आहे किंवा जे सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेले आहे तिथे. या दुसऱ्या अटीत मला उत्सर्गच दिसतो. फक्त आता त्यातून कोणाला वगळायची सोय उरलेली नाही. जुन्या कल्पनेतला खोटेपणा संविधानाने काढला, कल्पना ठेवली. म्हणून आज घाटाचा धार्मिक विचार करणाऱ्याने संविधान बाजूला ठेवून मत्स्यपुराण उघडू नये. दोन्ही एकत्र वाचावीत.

दुसऱ्या बाजूने आक्षेप येईल की महापालिका ही धर्मसंस्था नाही. ती करदात्यांच्या पैशाने काम करते, तिने यजमान कशाला व्हावे? शिवाय नदीपात्राची जमीन सरकारची. जी आपली नाही तिच्यावरचा हक्क महापालिका सोडणार कसा? पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, महापालिकेने होमहवन करू नये. पण नैसर्गिक संपत्ती सरकारकडे विश्वस्त म्हणून असते, मालक म्हणून नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. त्यासाठी रोमन कायद्यापर्यंतचे दाखले निघाले. कल्याणीचा विज्ञानेश्वर त्याहून जवळ होता, पण असो. धर्मशास्त्राने आणि न्यायालयाने वेगवेगळ्या वाटांनी तेच सांगितले असेल तर धर्मनिरपेक्ष नागरिकाला ते मानायला अडचण नसावी. दुसरा मुद्दा वरवरचा आहे. मालकी सातबाऱ्यावरच असते असे नाही. कोणाला गाळा द्यायचा, फाटक किती वाजता लावायचे, कपडे धुवायला कोण येऊ शकतो, कार्यक्रमासाठी काठ कोणाला भाड्याने द्यायचा, हे ठरवणारा व्यवहारात मालकच असतो. सोडायची आहे ती ही सत्ता.

नदीकाठ योजनांच्या बाजूने खरे बोलायचे तर बरेच बोलता येते. आपल्या शहरांचे काठ काही तपोवने राहिलेले नाहीत. राडारोडा, प्लास्टिक, जलपर्णी आणि नाल्यांची तोंडे यांमुळे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक नदीकडे पाठ करून राहिले. अहमदाबादला साबरमतीच्या दोन्ही काठांना अकराहून अधिक किलोमीटर चालायला मोकळा रस्ता मिळाला, संध्याकाळी हजारो कुटुंबे तिथे येतात, आणि त्यांच्या आनंदाला नाक मुरडणारा मी कोण? परंतु त्याच काठावर राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना उठावे लागले, मिळवलेल्या जमिनीचा काही भाग विकून खर्च काढायची तरतूद झाली, आणि नदी म्हणून जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे आहे. तिथल्या अटल पुलावर जायला तिकीट आहे. काठ लोकांना पाहायला मिळाला, पण त्यावर कोणी काय करायचे ते ठरवणारा वेगळा राहिला. पुण्याच्या योजनेचा आराखडाही त्याच वास्तुरचनाकार संस्थेचा आहे.

रचनेतला मूळ फरक पायरी आणि भिंत यांतला आहे. भिंतीला पाण्याची एक ठरावीक पातळी हवी असते. म्हणून बांध घालून पाणी अडवावे लागते, आणि आपल्या शहरांतले पाणी पाहता अडवलेले पाणी म्हणजे साचलेले सांडपाणी. पायरीला पातळीचे वावडे नसते. उन्हाळ्यात बारा पायऱ्या उघड्या पडतात, आषाढात दोनच उरतात, आणि माणूस जिथे पाणी असेल तिथे उतरतो. वाईला कृष्णाकाठी आळीआळीचे घाट आहेत आणि प्रत्येक आळी आपल्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव करते. तिथल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी जावा म्हणून. बांधणाऱ्याने नदीला येऊ नको म्हटले नाही. येशील तेव्हा जायला वाट ठेवली. पंढरपूरचे पुंडलिकाचे देऊळ तर पात्रातच आहे, दर मोठ्या पुरात पाण्याखाली जाते आणि पूर ओसरला की पूजा पुन्हा सुरू होते. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, मानेपर्यंत आले. देवच पुराची मोजपट्टी झाला, कारण नदीने देवापर्यंत येणे इथे गैर मानले गेले नाही. पुण्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्याची बातमी होते. नदीने तिथे तिचीच जागा मागितलेली असते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले तेव्हा तिने तेच पुन्हा सांगितले.

पैशाचा आक्षेप लवकर निपटता येतो. मालकी सोडली तर देखभाल कोण करणार, असे विचारतात. पूर्वी घाटासाठी जमिनी लावून देत आणि त्या उत्पन्नावर झाडलोट, डागडुजी चाले. उत्पन्न घाटावरून वसूल होत नसे. आज रस्ते आणि पदपथ करांतून राखले जातात, घाटही राखता येतील. देणाऱ्याच्या नावालाही माझी हरकत नाही. जुन्या घाटांवर शिलालेख आहेतच. अलीकडे गावोगावच्या दशक्रिया विधी घाटांवर ‘संकल्पना’ आणि ‘यांच्या विकासनिधीतून’ अशा पाट्या असतात, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणाऱ्यांना त्या निवांत वाचता येतात. नाव राहिले तर राहू द्यावे, हुकूम राहू नये.

गर्दीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. अशा दिवशी अडथळे, एकेरी वाटा, वेळेची वाटणी लागणारच; त्याला मालकी म्हणणे हा हट्ट होईल. फरक मुदतीचा आणि कारणाचा आहे. पर्वणीपुरता अडथळा लोकांच्या जिवासाठी असतो, बारमाही फाटक लोकांना निवडण्यासाठी असते. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली घाईने ओतलेले बांधकाम स्वतःच घातक ठरू शकते. १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाच्या नव्या बांधकामाची भिंत पावसात कोसळली आणि सहा जणांचा जीव गेला. नाशिकला कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, आणि ते काढावे म्हणून नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तळ बंद केला की झरे बंद होतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले तेव्हा टँकरने पाणी आणून भाविकांची सोय करण्यात आली. त्या कोरडेपणाला दुष्काळ कारण होताच, पण टँकरने भरलेले कुंड हे तीर्थ की हौद, हा प्रश्न एकाही धर्माचार्याला अस्वस्थ करत नसेल तर नवल आहे.

राहिले ते पाणी. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकूही नये, एवढे मनुस्मृतीतसुद्धा आहे. पुण्यात सांडपाणी शुद्धीकरणाचा जायका प्रकल्प आणि काठाच्या सुशोभीकरणाची योजना वेगवेगळ्या चालल्या आहेत. मैलापाणी थांबायच्या आधी पायऱ्या बांधून काढणे म्हणजे आधी कळस, मग पाया. सोन्याचे कासव आणि चांदीचा मासा ज्या पाण्यात सोडायचा त्यात खरा मासा आधी जगला पाहिजे. म्हणून माझ्या मते आज बांधला जाणारा नदीकाठ, त्याचे अभियांत्रिकी गुणदोष काहीही असोत, घाटपरंपरेचा वारस म्हणवून घेण्यास पात्र नाही. ते नाव हवे असेल तर त्याची किंमत मोजावी. १४ मार्च २०२२ ला, म्हणजे पायाभरणीनंतर आठच दिवसांनी, पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे हे काम प्रशासकांच्या सहीने पुढे गेले. लोकांसाठी सोडायची गोष्ट लोकांच्या प्रतिनिधींना न विचारता बांधली गेली. निदान आता तरी मुख्य सभेत साधा ठराव व्हावा : निळ्या रेषेच्या आत एक इंचही जागा विकली, भाड्याने दिली किंवा तिकिटाखाली आणली जाणार नाही, परीट, कोळी, गुराखी, दशक्रियेला आलेले लोक आणि नुसते बसायला आलेले लोक यांच्या वापरात भेद होणार नाही, आणि हा ठराव बदलायचा तर नागरिकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागेल. हा आजच्या काळातला उत्सर्ग होय, त्याला नारळही लागत नाही. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला हा ठराव मांडायला सांगा, आणि तो मंजूर होईपर्यंत उद्घाटनाच्या आरतीला जाऊ नका.